नभाचं सत्त्व

टप्.

पुरचुंडीतून पाण्याचा थेंब खालच्या ताटलीत पडला आणि मी बसल्या जागी दचकले.

दुपारचे अडीच वाजले होते. तेजू बालवाडीतून येऊन, जेवून आतल्या खोलीत झोपली होती. माझे मिस्टर, सत्यजित, कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, ते पाचशिवाय येत नसत. घरात इतकी सामसूम की मोरीवरच्या खुंटीला मोड आणायला टांगलेल्या नाचणीचं पाणी गळलेलं बाहेरच्या खोलीत ऐकू यावं. माझ्या कानाला फोन होता आणि पलीकडे पल्लवी मॅडम गप्प होत्या. माझा ब्लॉग उघडून वाचत होत्या.

पल्लवी मॅडम कोल्हापुरात घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचे वर्ग घ्यायच्या. गडहिंग्लजहून एसटीनं तीन रविवार जाऊन मी त्यांच्या वर्गाला बसले होते. वर्ग संपला की प्रत्येकीला त्या फोनवर अर्धा तास देत. तो माझा अर्धा तास होता.

"खरं सांगू का विनयाताई?" त्या म्हणाल्या. "वाचताना मला झोप आली."

मी हसले. काय करणार?

"रागावू नका. नाचणीचे फायदे, नाचणीची खीर, नाचणीचे लाडू. हे सगळं दुसरीकडे आहे, आणि तुमच्यापेक्षा चांगल्या फोटोंसकट आहे. आता समजा मी एक आई आहे. मला बाळासाठी सत्त्व घ्यायचंय. तुमचंच का घेऊ?"

"मी मोड आणून सावलीत वाळवते. मंद आचेवर भाजते. दोनदा वस्त्रगाळ करते."

"सगळ्याच करतात."

"आमची नाचणी आजऱ्याकडची असते."

"बरं. आणखी?"

"घरी केलेलं असतं."

"घरी कोण करत नाही, ताई?"

टप्.

ब्लॉगला दहा महिने झाले होते. वाचणारे किती, तर माझी मावसबहीण, शेजारची रूपाली आणि मी स्वतः. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू, असं सत्यजित म्हणाले होते. नाहीतर त्यांच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा होती. ते चुकीचं बोलत नव्हते. पण ब्लॉग मला बंद करायचा नव्हता. दुपारी लिहायला बसायचं म्हणून मी सकाळी उठून अंघोळ करत होते, केस विंचरत होते. त्याआधी कित्येक महिने मी तेवढंही केलं नव्हतं.

"बरं, ते सोडा," मॅडम म्हणाल्या. "सुरू का केलंत, ते सांगा."

मी त्यांना सांगितलं. तोपर्यंत मी ते कुणालाच असं ओळीनं सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मला दुसरी मुलगी झाली होती आणि नवव्या दिवशी ती गेली. तिच्या हृदयातच दोष होता, असं डॉक्टर म्हणाले. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. माझ्या नणंदबाई, शकुंतला वन्सं, तयारीनं निपाणीहून आधीच येऊन राहिल्या होत्या. कुंची, दुपटी, काळे मणी, माझ्या खिरीसाठी मोठा डबा भरून नाचणी. आणि नाव. त्यांच्या घरात नाव आत्या ठरवते. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून ती ते सांगेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या कानावर ते पडू द्यायचं नाही, आईच्यासुद्धा नाही. तेजूच्या वेळी मी किती मागे लागले होते! "गप गं, तीन दिवस दम धर," म्हणून वन्संनी मला पाठीत धपाटा घातला होता.

या वेळी मी विचारलंच नाही. आणि मग विचारायचं राहून गेलं.

बाळाला सत्यजित आणि त्यांचे चुलतभाऊ माळावर घेऊन गेले. जाताना वन्संनी तिला कुंची घातली, नाडी हनुवटीखाली बांधली, मग सोडून जरा सैल बांधली. तिला काचू नये म्हणून. मला दूध थांबत नव्हतं. वन्संनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून माझी छाती आवळून बांधली. रोज सकाळी सोडायच्या, गार पाण्यानं पुसायच्या, पुन्हा बांधायच्या. मी दात आवळून गप्प बसले तर म्हणायच्या, "ओरड की. कोण ऐकतंय इथं? ओरड." पंधरा दिवस त्यांनी स्वतःचं घर टाकलं होतं.

त्या गेल्यावर नाचणीचा डबा तसाच राहिला. एक दिवस मी ती भिजत घातली. का, ते आजही मला नीट सांगता यायचं नाही. हाताला काम पाहिजे होतं. मोड आले, वाळवली, भाजली, दळून आणली. पीठ रूपालीच्या बाळाला दिलं. मग रूपालीच्या जावेनं मागितलं. तिथून हे सगळं.

मॅडमचा आवाज मऊ झाला होता.

"ताई, हे ब्लॉगवर कुठंच नाही."

"ते काय लिहायचं?"

"तुमच्याकडे जे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, ते हे आहे. मी लिहाच म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी मला भरीला घातलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. ठरवलं मीच.

चार दुपारी मी लिहीत होते. तेजू झोपली की बसायचं, तिनं कूस बदलली की थांबायचं. आजही माझं लिहिणं असंच चालतं. आता हे लिहितेय तेही पुढे झालेला धाकटा मुलगा झोपलाय तेवढ्यात. पण ते चार दिवस वेगळे होते. बाळाची टाळू धडधडायची, तिथं मी ओठ टेकायचे, ते लिहिलं. तिच्या मुठीत माझं बोट पूर्ण मावायचं नाही, ते लिहिलं. लिहिता लिहिता माझा पदर ओला झाला, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. दीड वर्षात पहिल्यांदा ती घरात असल्यासारखी वाटत होती.

फक्त एक अडचण होती. तिला म्हणायचं काय? प्रत्येक ओळीत 'बाळ' लिहून लेख पुढे सरकेना. चौथ्या दिवशी मी तिला नाव दिलं. नभा. दोनच अक्षरं. आवडलं म्हणून दिलं, हे खरं. पाकिटावर मोठं बसेल हे त्याच वेळी मनात आलं होतं, हेही खरं.

लेख मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, त्या रडत होत्या.

"एकही शब्द बदलू नका. फक्त एका ठिकाणी बघा. 'नभा नऊ दिवस जगली.' हा आकडा कशाला? वाचणारीला एकदम खट्कन थांबायला होतं. नऊ दिवसांच्या बाळाचा आणि सत्त्वाचा काय संबंध, असं तिच्या मनात येतं. आकडा काढला की ती आपलं बाळ त्या जागी बघेल."

मी ती ओळ काढली. तिच्या खालची ओळ वर सरकली: 'नभाला मी हे सत्त्व भरवू शकले नाही. तुमच्या बाळाला ते वेळेत मिळावं.'

दोन्ही वाक्यं खरी होती. मी पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली.

संध्याकाळी सत्यजितना वाचायला दिलं. बूट काढता काढता ते खाली पायरीवर बसले आणि तिथंच वाचत राहिले.

"नाव कुणी ठेवलं?"

"मीच."

"आक्काला विचारलंस?"

"अहो, वन्सं कुठं ब्लॉग वाचतात?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, काढलेला एक बूट परत घातला आणि बाहेर गेले. तासाभरानं आले तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी होती. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

त्या रात्री मी लेख ब्लॉगवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो चारशे जणींनी पुढे पाठवला होता. आठवड्यात मोजणं मी सोडून दिलं. परभणीहून, वसईहून, हुबळीहून बायका लिहीत होत्या. कुणाचं गर्भपातात गेलेलं, कुणाचं काविळीत. मी सगळ्यांना उत्तरं लिहायचे. त्या मला 'नभाची आई' म्हणायच्या. जिवंत मुलीची आई म्हणून मला गल्लीत ओळखत होते. हिची आई म्हणून कुणीतरी पहिल्यांदाच हाक मारत होतं. ती हाक ऐकली की माझ्या छातीत दूध दाटल्यासारखं व्हायचं.

आणि सत्त्व मागायच्या. खुंटीवरची एक पुरचुंडी होती, तिच्या चार झाल्या, मग गच्चीवर कापड ताणून त्याखाली वाळवण घालावं लागलं. पतसंस्थेचा विषय निघेनासा झाला. पाकिटं छापून आली: हिरव्या पानावर मोठ्या अक्षरांत 'नभाचं सत्त्व', खाली बारीक, 'एका आईकडून'. तेजू पाच वर्षांची होती. चिकटपट्टीचे तुकडे करून द्यायचं काम तिचं. पाकीट छातीशी धरून ती गल्लीत मैत्रिणींना दाखवायची, "हे आमचं बाळ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला आत ओढून आणलं. काय रागवायचं ते मात्र सुचलं नाही.

वन्सं आल्या त्या दिवशी गुरुवार होता. सकाळची वेळ, साडेअकराचा सुमार. फोन नाही, निरोप नाही. मी पीठ चाळत बसले होते, कोपरापर्यंत पांढरी. दारात त्या उभ्या, हातात कापडी पिशवी, बसच्या प्रवासानं चेहरा सुकलेला.

"या की वन्सं! असं अचानक? बसा, पाणी आणते."

"असू दे. हात भरलेत तुझे. मी घेते." त्या आत गेल्या, माठातलं पाणी प्याल्या, तांब्या जागेवर उपडा ठेवला आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. पिशवीतून एक पाकीट काढून त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं.

हिरवं पान. नभाचं सत्त्व.

"शेजारच्या कुंभोज्यांच्या सुनेनं मागवलं," वन्सं म्हणाल्या. "मला दाखवत होती. म्हणाली, काकू, गडहिंग्लजच्याच आहेत, बघा, किती सोसलंय बाईनं. वाचूनपण दाखवलं तिनं. सगळं."

मी चाळण खाली ठेवली.

"वन्सं, मी तुम्हाला सांगणारच होते."

"कधी?"

तेवढ्यात फोन वाजला. तेजूला बालवाडीची सुट्टी होती, ती जवळच खेळत होती. माझे हात पिठाचे असले की फोन उचलून स्पीकर लावायचं कामही तिनं आपल्याकडे घेतलं होतं. मी नको म्हणायच्या आत तिनं तो लावला.

"हॅलो, नभाची आई का?" लांबून, घाईचा, कोवळा आवाज. "मी जतहून वर्षा बोलतेय. तुमचं लिहिलेलं वाचलं हो. झोप नाही आली मला."

"हां ताई, बोला." मी वन्संकडे बघितलं नाही.

"माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. वजन साडेपाच किलोच्या वर जातच नाही. डॉक्टर म्हणतात, जिल्ह्याला नेऊन ॲडमिट करा, चौदा दिवस ठेवायला लागेल. घरात कुणी तयार नाही. सासूबाई म्हणतात, सलाइन लावून पोरगं आणखी वाळेल. मलापण भीती वाटते. मग तुमचं वाचलं. म्हटलं, आधी हे सत्त्व पंधरा दिवस देऊन बघावं. चालेल ना?"

मी उत्तर द्यायच्या आतच तिनं विचारलं, "तुमची नभा किती महिन्यांची होती हो? तिचंपण वजन भरत नव्हतं का?"

खोलीत आम्ही तिघी होतो आणि त्या दोघींचं लक्ष माझ्याकडे होतं. वन्संचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच होता. त्या मला सांगू शकल्या असत्या, स्वतः बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. मला वाट दिली.

"लहान होती," मी म्हणाले. "फार लहान होती."

"आई गं," पलीकडची बाई म्हणाली.

"सत्त्व डॉक्टरांना विचारून द्या हं. पाकिटावर लिहिलंय तसं."

"हो हो. आजच पाठवाल का? पत्ता मेसेज करते."

"करा."

तेजूनं लाल बटण दाबलं आणि पुन्हा चिकटपट्टीकडे वळली.

वन्सं बराच वेळ पाकिटावरचं पान नखानं कोरत बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव ठेवायचा मान माझा होता," त्या म्हणाल्या. "त्याचं सोड. मान घेऊन मी काय करणार? पण विनया, मी ते नाव घेऊन आले होते, ते घेऊन परत गेले. अजून कुणाला सांगितलं नाही. ह्यांनापण नाही. तिच्या कानात गेलं नाही, ते दुसऱ्याच्या कानात कसं घालू? मी कधी एकटी असले की मनातल्या मनात तिला हाक मारते. तेवढंच तिचं हाय बघ माझ्याकडे."

"मला पण तिला हाक मारायची होती, वन्सं."

"मग मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

"तुला दिलं असतं." त्यांनी पाकीट उचललं. "ह्याला दिलं नसतं."

पाकीट तिथंच टाकून त्या उठल्या. मी त्यांचा पदर धरला, माझी पिठाची बोटं त्यावर उमटली. त्यांनी तो झटकला नाही, हळूच सोडवून घेतला.

"जेवून जा तरी."

"बाराची बस हाय." चपला घालताना त्या दारातच थांबल्या. "त्या पोरीला फोन लाव. आपलं बाळ नऊ दिवसांचं होतं म्हणून सांग. दूधसुद्धा धड ओढत नव्हतं म्हणून सांग. पोराला दवाखान्यात ने म्हणावं. आज ने."

"लावते."

"मी सांगितलं म्हणून नको लावू."

त्या गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. नंतर पुष्कळ वर्षांनी धाकटा झाला, त्याच्या बारशाचं आमंत्रण घेऊन सत्यजित स्वतः निपाणीला गेले होते. वन्संनी त्यांना जेवू घातलं, बाळाला झबलं दिलं आणि आल्या नाहीत. रूपालीच्या मुलीला आत्या करून पाळण्याशी बसवलं आम्ही. कानात काय सांगायचं ते मी तिला कागदावर लिहून दिलं होतं.

पण त्या दिवशी, वन्संची पाठ दिसेनाशी झाल्यावर, मी हात धुतले. पदराला पुसले. फोन घेतला. पत्त्याचा मेसेज आलेला होता, खाली जोडलेल्या हातांचं चित्र आणि 'थँक्यू नभाची आई'.

मी मनात वाक्य जुळवायला लागले. ताई, एक सांगायचं राहिलं. ताई, माझं बाळ कुपोषणानं गेलं नाही. नऊ दिवसांचं होतं ते. मग पुढचं वाक्य आपोआप जुळायचं: मग तुम्ही तसं लिहिलंत का? आणि तिनं ते चारचौघींना सांगितलं, तर? परभणी, वसई, हुबळी. गच्चीवरचं ताणलेलं कापड. पुन्हा अडीच वाजताची ती सामसूम. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली मी, आणि शाळेतून येऊन दप्तर स्वतःच काढून ठेवणारी तेजू.

तिकडे जतला साडेपाच किलोचं एक पोर होतं. मी त्याला बघितलेलं नव्हतं. तरी ते मला दिसत होतं, बरगड्यांसकट.

मी नंबर दाबला. पलीकडे घंटा वाजायला लागली. एकदा. दोनदा. वाटलं, ती उचलणारच नाही, आणि देवाशप्पथ, मला हायसं वाटायला लागलं होतं.

"हॅलो? नभाची आई?"

तेजू चिकटपट्टी टाकून माझ्याजवळ आली होती. ती वन्सं काय म्हणाल्या ते सगळं ऐकत बसली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वन्संनी टाकून दिलेलं पाकीट तिनं उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. माझ्या पदराला हिसका देऊन तिनं मान वर केली.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"आई," तेजूनं विचारलं, "आपल्या बाळानं हे खाल्लं असतं, तर ते जगलं असतं का गं?"